बंडूच्या मार्फत

अमरावती, ६ जुलै २०२५

आचलच्या मोठ्या बाबांस,

नमस्कार. माझी इच्छा नाही, पण रीत आहे म्हणून लिहिला. तुमचं नाव लिहिलं नाही. एकोणीस वर्षांत तोंडानं घेतलं नाही, आता कागदावरही हात उठत नाही. तुमच्याशी हे माझं पहिलंच सरळ बोलणं समजा. फोन केला असता, पण तुमच्यापुढे माझा आवाज बसते. कागदावर नाही बसत.

परवा आमच्या वॉर्डातली प्रणाली तुमच्या अकोल्याच्या ट्रेनिंगहून आली. मे महिन्यात लागलेली नवीन पोरगी आहे. खूश होऊन सांगत होती. भारी जखमी पेशंट आला तर डॉक्टर, सिस्टर, भूलवाले, अटेंडंट यांनी एका टीमनं कसं काम करायचं ते तुमी दोन दिवसांत शिकवता. टेबलावर रबरी पुतळा. प्रत्येकाच्या छातीवर पट्टी, कोण टीम लीडर, कोण श्वास पाहणार, कोण रक्त थांबवणार. जे दिसलं ते मोठ्यानं बोलायचं. अन् कोणीही, अगदी झाडूवालीनंही 'थांबा' म्हटलं की सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले पाहिजेत, हा पहिला नियम. मी म्हटलं, वा, चांगलं आहे.

मंग ती म्हणे, 'मॅडम, सरनं एक किस्सा सांगतला. आमी पोट धरून हसलो.'

एक सिस्टर होती. डॉक्टर तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. घरी भासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून दवाखान्यातही बोलत नव्हती. सांगायचं ते अटेंडंटले सांगायची, अन् अटेंडंट डॉक्टरले सांगायचा. वॉर्डात त्या अटेंडंटचं नाव 'टेलिफोन' पडलं होतं. एक दिवस टेलिफोन बाहेर गेला अन् पेशंट मेला.

हसता हसता प्रणालीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् कामाचं निमित्त करून उठली. तिले समजलं असेल.

तुमाले काहीच वाटलं नाही? त्या पेशंटले नाव होतं. देवमन. परतवाड्याहून धारणीले जीप चालवायचा. नऊ मार्चले भरदुपारी घाटात जीप उलटली अन् त्याले आपल्या अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. पाय चिरडला होता, सगळे पायाकडे धावले. छाती कोणी नीट पाहिली नाही. फाटलेल्या फुफ्फुसातली हवा आत कोंडत गेली. मले दिसत होतं. उजवी बाजू हलत नव्हती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. माझा गुन्हा मी नाकारून नाही राहिली. पण त्याच्यावर तुमच्या तुकडीतले बत्तीस जण हसावे, हे कोणत्या पुस्तकात शिकवते?

आता दुसरं. चौकशी समितीचं पत्र मले आलं. त्यात तुमचा रिपोर्ट जोडला आहे: 'परिचारिकेने रुग्णाची खालावलेली अवस्था टीम लीडरच्या कानावर घातली नाही.' २० सप्टेंबरले सुनावणी आहे. माझी नर्सिंगची नोंदणी ठेवायची का रद्द करायची, ते ठरणार. अपघात विभागातून काढून मले बाहेरच्या खिडकीवर बसवलं, मी केस पेपर फाडून देते. अठरा वर्षांची नोकरी आहे माझी.

किस्सा बंद करा. एवढंच मागून राहिली.

मंजुषा

---

अकोला, १४ जुलै २०२५

श्रीमती मंजुषा गावंडे, परिचारिका, यांस

आपले पत्र मिळाले.

प्रशिक्षणात प्रत्यक्ष घडलेली उदाहरणे द्यावी लागतात. कोरडे नियम कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मी आपले, दवाखान्याचे किंवा गावाचे नाव घेतलेले नाही. ऐकणारे हसले, यास माझा इलाज नाही. त्यातील एका जरी परिचारिकेने उद्या तोंड उघडले, तरी उदाहरण सार्थकी लागले असे मी समजेन.

अहवालात मी वस्तुस्थिती लिहिली आहे. आपण मला सांगितले नाही. आपण बंडूला उद्देशून बोललात आणि बंडू त्या वेळी रक्ताची पिशवी आणण्यास गेला होता. घरच्या रीती दवाखान्यात आणू नयेत, एवढे भान अठरा वर्षांच्या नोकरीत यायला हवे होते.

तरीही घरातली व्यक्ती म्हणून एक मार्ग सुचवतो. ऑगस्टच्या तुकडीत आपण स्वतः प्रशिक्षण घ्यावे. तसे प्रमाणपत्र समितीपुढे ठेवल्यास ते नरमाईने घेतील. फी मी भरेन. किशोरशी या विषयावर बोललो आहे, त्याची संमती आहे.

डॉ. खु. मो. गावंडे

---

अमरावती, २१ जुलै २०२५

आचलच्या मोठ्या बाबांस,

वा रे वा! 'किशोरशी बोललो आहे.' पत्र मी लिहिलं, उत्तर आचलच्या बाबांशी बोलून ठरलं. म्हणजे अजूनही मधात कोणीतरी लागतेच तुमाले.

आचलचे बाबा तीन दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिले. मोटार वाइंडिंगच्या दुकानातच डबा मागवतात. म्हणे, मोठ्या भावानं शिकवलं, दुकान टाकून दिलं, त्याच्याविरुद्ध बायको कागद लिहिते. मी म्हटलं, दुकान तुमाले दिलं, माझं तोंड त्याच्यात विकलं काय?

घरच्या रीती दवाखान्यात कोणी आणल्या, ते आता ऐका. लग्नानंतरची पहिली दिवाळी, बाळापूरचं घर. पंगत बसली होती. मी एकवीस वर्षांची, नुकतीच नर्सिंग शिकून आलेली, पेशंटशी बोलायची सवय. तुमच्या ताटात भात संपला म्हणून मी सरळ इचारलं, 'भात वाढू का?' तुमी ताटावरून उठले अन् हात धुऊन बाहेर गेले. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, भासऱ्याशी लेकरांच्या मार्फत बोलावं. मले लेकरू कुठं होतं तेव्हा? शेजारची पोर बोलवून आणायची, तिले म्हणायचं, 'मोठे बाबाले सांग जेवायले चला.' तुमी समोरच्या खाटेवर पेपर वाचत असायचे. मंग आचल झाली, मंग आचलच्या मार्फत.

दवाखान्यात तुमीच मले लावलं, उपकार आहेत. पहिल्याच ऑपरेशनले मी तुमच्या हाताशी उभी. तुमाले कैची पाहिजे होती. तुमी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराजवळच्या बंडूले म्हणाले, 'बंडू, सिस्टरले सांग, कैची.' बंडू हसला अन् म्हणाला, 'सिस्टर, कैची.' मी तुमच्या हातात ठेवली. नऊ वर्षं असंच चाललं. तुमाले सोयीचं होतं तोवर ती रीत होती. माणूस मेला तशी ती माझी चूक झाली.

तुमचं ट्रेनिंग मी घेणार नाही. तुमची फी तुमच्याजवळ ठेवा. तिथं तुमी बोलायले शिकवता. ऐकायले कोण शिकवते?

गेल्या सोमवारी देवमनची बायको माणिकबाई खिडकीवर आली. तिले दाखला पाहिजे होता. कागद घेतला, जायले निघाली अन् परत फिरली. म्हणे, 'बाई, तुमी तिथं होत्या ना? त्याले काही बोलता येत होतं का?' मी म्हटलं, नाही. ती म्हणे, 'मंग बरं.' अन् गेली.

एकच गोष्ट इचारते. मी दोनदा म्हटलं, 'बंडू, सरले सांग, उजवी छाती हलून नाही राहिली.' बंडू नाही हे मले दुसऱ्या वेळी दिसलं. तरी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. तुमी माझ्यापासून दोन हातांवर होते. तुमाले ऐकू आलं का नाही? हो नाहीतर नाही, एवढंच लिहा.

मंजुषा

---

अकोला, २५ जुलै २०२५

श्रीमती मंजुषा गावंडे यांस

नाही. ऐकू आले नाही. मशीन वाजत होते, नातेवाइकांचा आरडाओरडा चालू होता, आणि माझे लक्ष रक्तस्रावाकडे होते.

वीस वर्षांपूर्वीचा भात उकरून काढण्यात मला रस नाही. आईची तब्येत बरी नाही, तिच्या कानावर यातले काही गेले तर परिणामांना आपण जबाबदार राहाल. यापुढे पत्र पाठवू नये. पाठवल्यास माझे वकील उत्तर देतील.

डॉ. खु. मो. गावंडे

---

अमरावती, २४ ऑगस्ट २०२५

आचलच्या मोठ्या बाबांस,

वकिलाले वाचायले द्यायचं असेल तर खुशाल द्या. महिनाभर मी लिहिलं नाही, कारण तुमच्या 'नाही'वर मी विश्वास ठेवला होता. मनाले म्हटलं, ऐकूच आलं नसेल तर माणूस काय करणार? आपणच हात लावून सांगायले पाहिजे होतं. समितीपुढे मुकाट्यानं मान खाली घालायची, असं ठरवून बसली होती.

काल बंडू घरी आला. रिटायर झाला गेल्या महिन्यात. जाकीट घालून, पेढे घेऊन आला. चहा झाला तरी उठेना. मी म्हटलं, बंडूभाऊ, काय आहे ते बोला. तर रडायले लागला. एवढा मोठा माणूस.

तो म्हणे, 'सिस्टर, मी रक्ताची पिशवी घेऊन दारातून आत पाय टाकला. मी एक शब्द बोललो नव्हतो. तुमी पण तेव्हा काही बोलल्या नाही. सरनं मान वर केली अन् मले इचारलं, "काय म्हणून राहिली ती?"'

मंग मी बंडूले सांगतलं, बंडूनं तुमाले सांगतलं, तुमी सुई घातली, हवा निघाली, पण तोवर देवमनचं हृदय बंद पडलं होतं. हे सगळं मले आठवते. पण ते मधलं वाक्य मले आठवत नव्हतं. मी मॉनिटरकडे पाहत होती.

ज्याले ऐकू आलं नाही, तो माणूस 'काय म्हणून राहिली ती' असं काहून इचारेल? मी काही बोलली, हे तुमाले कुठून समजलं?

तुमी वाट पाहून राहिले होते! पिशवीची नाही, बंडूची. मी काय बोलली ते बंडूच्या तोंडून यायची!

काल रात्रभर मले झोप नाही. इतका राग मले आयुष्यात कोणाचा आला नाही, सासूबाईंचाही नाही. माझ्याच चुकीपायी माणूस गेला म्हणून पाच महिने मी मेल्यासारखी जगली, अन् तुमी ते सांगून लोकांले हसवत होते.

बंडू लिहून देणार नाही. त्याचा पोरगा अंकुर तुमच्याच सेंटरात कंत्राटावर आहे, तुमीच लावला. मी त्याच्यावर जोर केला नाही. म्हणून तुमालेच सांगून राहिली. समितीले खरं लिहा. अन् जिथं किस्सा सांगतला, तिथंच उभं राहून स्वतःचं नाव घेऊन खरं सांगा. वीस सप्टेंबरच्या आधी.

मंजुषा

---

अकोला, ५ सप्टेंबर २०२५

मंजुषा,

हे पत्र वाचून फाडून टाक.

ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. दोन्ही वेळा.

का थांबलो, हे मी स्वतःला सहा महिने विचारून राहिलो. मशीनचा आवाज वगैरे मी लिहिलं ते खोटं आहे. खरं असं की तू बोललेलं माझ्या कानावर पडते, पण ते मला सांगितलं आहे असं मी धरतच नाही. बंडू म्हणाला की मग ते मला सांगितलं गेलं. नऊ वर्षं तसंच चाललं आणि कधी काही बिघडलं नाही. त्या दिवशी दोन नवे डॉक्टर माझ्या बाजूला उभे होते. भावजयीच्या शब्दावर मान फिरवली असं त्यांना दिसू नये, हेही डोक्यात होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तू विचारलंस. मॉनिटरवरचं घड्याळ मी नंतर पाहिलं. तू पहिल्यांदा बोललीस तेव्हापासून सुई घालेपर्यंत चार मिनिटं गेली.

गेल्या तुकडीत एका सिस्टरनं सरावात 'थांबा' म्हटलं आणि डॉक्टर पोरगा पुढं करतच राहिला. मी त्याच्यावर ओरडलो, 'ऐकू नाही आलं काय?' आणि मग मला पुढं शिकवता आलं नाही. चहाची सुट्टी दिली.

तू जिंकलीस असं समजू नको. मी समितीला हे लिहिणार नाही. तू रागावशील, रागाव. पण विचार कर. या सेंटरातून आतापर्यंत चारशेच्या वर लोक शिकून गेले. धारणी, चिखलदरा, बाळापूर, कुठून कुठून येतात. ज्यानं चालू केलं त्यानंच असं केलं, हे बाहेर आलं तर सेंटर बंद होईल. देवमन परत येणार नाही. तुझी नोंदणी जाऊ देणार नाही, हा माझा शब्द. समितीतले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. किस्साही बंद करतो.

एवढ्यावर मिटव.

खुशाल

---

अमरावती, २८ सप्टेंबर २०२५

डॉ. खुशालराव मोतीराम गावंडे,

नाव लिहिलं. हात उठला.

तेरा तारखेचं तुमाले ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं होतं ते ठाऊक नाही. म्हणून लिहून राहिली.

तुमचं पत्र मी फाडलं नाही. पर्समध्ये घातलं अन् सकाळच्या एसटीनं अकोल्याले आली. प्रणालीच्या ओळखीनं मागच्या खुर्चीवर बसली. पत्राची झेरॉक्स काढून समितीले द्यायची, हे जवळपास ठरलं होतं. पण आधी पाहू म्हटलं, माणूस तिथं उभा राहून काय बोलते.

तुमी मले पाहिलं नव्हतं. पुतळ्याजवळ उभे राहून तुमी नियम सांगतले, पाहिलं ते मोठ्यानं बोला, वगैरे. छान शिकवता तुमी, खरंच सांगते. तेवढ्यात एका पोरानं इचारलं, 'सर, तो टेलिफोनवाला किस्सा सांगा ना, आमच्या मित्रांनी सांगतला.' तुमी म्हणाले, 'तो जाऊ द्या.' पोरं मागेच लागली. अन् तुमी सुरू केला! बंद करतो लिहिलं होतं आठ दिवसांआधी. लोकांनी मागितला की देता तुमी.

'एक सिस्टर होती,' तुमी म्हणाले. माझे पाय आपोआप उभे राहिले. माझ्या डोक्यात काहीच ठरलं नव्हतं. तोंडातून निघालं, 'डॉक्टर खुशालराव, थांबा.'

तुमी थांबले.

मले वाटलं होतं तुमी रागावाल, बाहेर जाल, त्या दिवाळीसारखे. पण नियम तुमचाच होता अन् तीस लोक तुमच्याकडे पाहत होते. मी म्हटलं, 'ती सिस्टर मी होय. पुढचं तुमी सांगा. खरं सांगा.' एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुमी माझ्या डोळ्यांत पाहिलं अन् मलेच उत्तर दिलं. म्हणाले, 'बस, सांगतो.'

अन् सांगतलं. चार मिनिटांसकट सांगतलं. कोणी हसलं नाही. तो किस्सा मागणारा पोरगा खाली पाहत होता.

त्याच्यासाठी तुमाले माफ केलं, असं समजू नका. तुमी सांगतलं, कारण तुमाले सगळ्यांसमोर अडवलं. मनानं सांगतलं असतं तर मार्चमध्येच सांगतलं असतं. समितीपुढेही तुमी स्वतःच बोलले, ते बरं केलं. ओळखीचे दोघे तुमच्याकडे पाहतच राहिले. तुमाले सहा महिने ऑपरेशन बंद अन् मले लेखी ताकीद. आचलच्या बाबांले माझी ताकीद लागली नाही, तुमचे सहा महिने लागले. लागू द्या. कालपासून घरी जेवून राहिले, तेवढं पुरे.

ताकीद बरोबर आहे, हे मी समितीले म्हटलं. तुमी दोन हातांवर होते म्हणजे मीही दोन हातांवरच होती. तुमाले धक्का देता आला असता. बाही ओढता आली असती. देवमनच्या छातीवर मीच हात ठेवून ओरडू शकत होती. बंडू दारात नाही हे दिसलं, तरी मी बंडूच्याच नावानं बोलली. ते तुमी मले शिकवलं, पण बोलली मी.

सुनावणी झाल्यावर मी परतवाड्याले माणिकबाईकडे गेली. तिच्या दारात बसून सगळं सांगतलं, तुमचं अन् माझं. ती भाजी निवडून राहिली होती. ऐकून घेतलं. मंग म्हणे, 'म्हणजे तुमाले दोघालेही माहीत होतं?' मी म्हटलं, हो. ती म्हणे, 'तुमी घरातलेच ना एकमेकांचे?' मी म्हटलं, हो. तिनं भाजीचं टोपलं उचललं अन् आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. मी तासभर बसली अन् शेवटच्या जीपनं परत आली.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते. तुमीच फाडा.

सेंटर चालू राहिलं, असं प्रणालीनं सांगतलं. ऑपरेशन नाही तर तुमी आता पूर्ण वेळ तिथंच असाल. ऑक्टोबरच्या तुकडीले मी येऊन राहिली. शिकायले नाही, तुमच्यासोबत शिकवायले. तुमी टीम लीडर उभे राहा, मी सिस्टर उभी राहीन, अन् ते चार मिनिटं जसे झाले तसे लोकांले करून दाखवू. मंग जसे व्हायले पाहिजे होते तसे. तुमच्याशी गोड बोलायची माझी तयारी नाही. पण छाती हलत नसली तर तुमालेच सांगीन, तुमच्या नावानं सांगीन.

मधात कोणी ठेवू नका. बंडू रिटायर झाला.

मंजुषा गावंडे